नॉर्डलिंगेनला जाताय? आधी मनोरा, मग तटबंदी

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या या गावात उतरलात की थेट सेंट जॉर्ज चर्चचा 'डॅनियल' मनोरा गाठा. साधारण ३५० पायऱ्या आहेत, दम लागेल. पण वरून लाल कौलांचं गोल गाव आणि लांबवर टेकड्यांचं कडं दिसतं. हे कडं म्हणजे सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेल्या विवराची कड. व्यास सुमारे २५ किलोमीटर! आपलं लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं, यावरून अंदाज बांधा. पूर्वी हा ज्वालामुखी समजत. १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ या भूवैज्ञानिकांनी दगडातल्या कोएसाइटवरून (प्रचंड दाबाखाली तयार होणारं खनिज) उल्कापात सिद्ध केला. चर्चच्या भिंती हाताने चाचपून पाहा, तो करडा दगड त्याच आघातात तयार झालेला सुएव्हाइट आहे. अपोलो १४ चे अंतराळवीर १९७० मध्ये खडक ओळखायला इथेच आले होते.

खाली उतरलात की तटबंदीवरून चाला. पूर्ण फेरी पावणेतीन किलोमीटरची, बहुतेक छपराखालून, त्यामुळे पावसातही चालते.

जमल्यास एक रात्र मुक्काम कराच. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने मनोऱ्यावरचा पहारेकरी 'झो, ग्सेल, झो' अशी आरोळी देतो. जवळच्या डोनाउवर्थ शहरातून रेल्वेने अर्ध्या तासात पोहोचता येतं.