डेप्थ मिळत नाहीये? सेन्सिटिव्हिटीला हात लावायच्या आधी ग्राउंड बॅलन्स बघा

हवेत धरलेलं नाणं मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधायचं मशीन, लांबून पकडतं आणि तेच नाणं जमिनीत थोडं खोल गेलं की मशीन गप्प. मग लोक काय करतात, सरळ सेन्सिटिव्हिटी (बारीक सिग्नल पकडायची क्षमता) वाढवतात. पण त्याने नाण्याचा सिग्नल वाढतो तसा मातीचाही वाढतो ना! मातीत मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं असतात, ती कॉइलला (मशीनच्या खालच्या टोकाची, जमिनीवर फिरवायची चकती) सतत सिग्नल देत राहतात, आणि तो ओळखून बाजूला काढायचं काम ग्राउंड बॅलन्सचं आहे.

आता डेप्थ नेमकी कुठे जाते ते बघा. छोट्या वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने पडतो, म्हणजे कॉइलपासून लांबच्या वस्तूचं अंतर दुप्पट झालं की सिग्नल जवळपास 64 पट कमी. एवढ्या बारीक सिग्नलसमोर बॅलन्स जरासा जरी हुकलेला असला तरी मातीचा उरलेला आवाज त्याला गिळून टाकतो. वरवरच्या वस्तू मात्र मस्त वाजत राहतात, त्यामुळे सेटिंग बिघडलंय हे कळतच नाही.

करायचं कसं, तर आधी कॉइल फिरवून खात्री करा की खाली धातू नाहीये, हे अजिबात टाळू नका. मग कॉइल जमिनीला समांतर ठेवून 2-3 सेंमीपासून 15-20 सेंमीपर्यंत वर-खाली करत राहा. बॅलन्स ऑटो असेल तर त्याचं बटण दाबून धरा आणि आवाज शांत झाला की सोडा. मॅन्युअल असेल तर कानाने ठरवायचं, ऑल मेटल मोडमध्ये (ज्यात मशीन कुठलाही धातू गाळत नाही). बहुतेक मशीनमध्ये कॉइल वर उचलताना आवाज वाढला तर बॅलन्सचा आकडा कमी आहे, वाढवा, आणि खाली नेताना वाढला तर आकडा जास्त आहे, कमी करा. एकेक पॉइंटनेच जा, घाई नको.

अगदी बरोबर मध्यावर आलं की मी आकडा एखाद-दुसरा पॉइंट वर ठेवतो, म्हणजे कॉइल खाली नेताना किंचित आवाज येईल इतकंच. कारण बॅलन्स निगेटिव्हकडे, म्हणजे आकडा मध्याच्या खाली, गेला तर जमिनीचा उलटा सिग्नल छोट्या खोल टार्गेटच्या सिग्नलमधून वजा होतो आणि ते टार्गेट ऐकूच येत नाही. पॉझिटिव्हकडे, म्हणजे मध्याच्या वर, थोडी कटकट होते पण टार्गेट हातचं जात नाही.

सेन्सिटिव्हिटी यानंतर वाढवा. आणि बॅलन्स जमला की कॉइल जमिनीला जवळजवळ लागून फिरवा, 5 सेंमी वर धरली तर तेवढी डेप्थ फुकट गेली, स्विंगच्या टोकाला कॉइल उचलायची सवयही सोडा.

पाऊस पडून गेला, मातीचा रंग बदलला, कॉइल किंवा फ्रिक्वेन्सी बदलली, की परत बॅलन्स करा. ट्रॅकिंग, म्हणजे मशीन चालता चालता स्वतःच बॅलन्स बदलत राहतं ते, सोयीचं आहे, पण पुसट सिग्नल लागला आणि त्याच जागेवर कॉइल पुन्हा पुन्हा फिरवत बसलात तर मशीन त्या टार्गेटलाच जमीन समजून बॅलन्स करून टाकू शकतं, म्हणून शंका आली की आधी ट्रॅकिंग बंद करा. समुद्राच्या ओल्या वाळूत तर प्रकार वेगळाच, तिथे मीठ विजेसाठी वाहक असल्याने बॅलन्सचा आकडा खूप खाली येतो आणि सिंगल फ्रिक्वेन्सी मशीनला तो जमेलच असं नाही, तिथे मल्टी फ्रिक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं) मशीन किंवा बीच मोड वापरा.