आकाशकंदिलासाठी पिंपळाची पांढरी जाळीदार पाने

पिंपळाच्या पानाची जाळी पांढरी करायची म्हटले की बहुतेक जण आधी ब्लीचची बाटली काढतात. पण पानातला गर पूर्ण निघालेला नसेल, तर कितीही ब्लीच घातले तरी शिरांमध्ये तपकिरी डाग राहतातच. म्हणून या कामात खरा वेळ कुजवण्याला आणि घासण्याला द्यावा.

दिवाळीसाठी पाने भाद्रपदातच भिजत घालावीत. गर्द हिरवी, जून, किडीने न खाल्लेली पाने निवडावीत, कारण तांबूस कोवळी पाने हातातच विरतात. पिंपळाचे पान तोडणे ज्यांच्या मनाला पटत नाही, त्यांनी जोराच्या सरीनंतर झाडाखाली पडलेली हिरवी पाने वेचावीत; तीही तितकीच चांगली. बादलीत पाने पाण्याखाली राहतील अशी दगडाने दाबावीत आणि तोंडाला कापड घट्ट बांधावे, नाहीतर साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतील. 3 ते 4 आठवड्यांत गर सुटतो. तोवर वास येतो, त्यामुळे बादली घराबाहेरच बरी.

घाई असेल तर 1 लिटर पाण्यात धुण्याच्या सोड्याचे 2 मोठे चमचे घालून पाने तास-दीड तास मंद आचेवर शिजवता येतात. त्यासाठी स्वयंपाकात न वापरले जाणारे स्टीलचे पातेले घ्यावे. ॲल्युमिनियमचे भांडे सोडा खातो.

परातीत पाणी घेऊन पान तळहातावर पसरावे आणि मऊ टूथब्रशने देठाकडून टोकाकडे हलकेच घासावे. गर नीट कुजला असेल, तर वरची साल ओल्या पतंगी कागदासारखी सरकते आणि खालून बारीक जाळी उघडी पडते. पानाचे लांब शेपूट सर्वांत आधी तुटते, म्हणून त्याखाली बोटाचा आधार ठेवावा.

मगच ब्लीच. प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात 10 भाग पाण्याला 1 भाग ब्लीच पुरते. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याचे द्रावण कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दर 5 मिनिटांनी पाहावे आणि जाळी हस्तिदंती रंगावर आली की काढावी. वाळल्यावर ती आणखी उजळते. एका वर्षी मी पाने रात्रभर ब्लीचमध्ये ठेवली आणि सकाळी देठ तेवढे हाती लागले, कारण रंग गेल्यावर ब्लीच शिरांचे तंतूही खाऊ लागते. बाहेर काढलेली पाने वास जाईपर्यंत 3-4 पाण्यांत धुवावीत.

ओली जाळी सुती कापडाच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर जड पुस्तके ठेवावीत. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई उतरते. वाळलेले पान कंदिलाच्या पांढऱ्या कागदावर मैद्याच्या पातळ खळीने, फक्त मधल्या शिरेला खळ लावून चिकटवावे, आत एलईडी दिवा लावावा आणि पानाचे शेपूट कडेबाहेर मोकळे सोडावे.