कॅन्सर हॉस्पिटलने छोट्या हॉस्पिटलांसोबत ट्रेनिंगचं काम कसं उभं करायचं

कॅन्सर हॉस्पिटलमध्ये एज्युकेशन आणि पार्टनरशिपचं काम अंगावर आलं की पहिल्यांदा लेक्चर्सची यादीच करावीशी वाटते, सीनियर डॉक्टर आहेत, स्लाइड्स आहेत, लिंक पाठवली की झालं. प्लीज तिथून सुरुवात करू नका. आधी पार्टनर हॉस्पिटलमध्ये जा आणि तिथल्या लोकांसोबत बसून एकाच पेशंटची फाइल पहिल्या पानापासून बघा. गाठ घेऊन तो आधी कुणाकडे गेला, बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं) कधी झाली, रिपोर्ट किती दिवसांनी आला, केमो कधी सुरू झाली, आणि यायचा बंद झाला असेल तर नेमका कुठे. ब्रेस्ट कॅन्सरसाठी डब्ल्यूएचओचं टार्गेट आहे की पहिल्यांदा दाखवल्यापासून 60 दिवसांत निदान व्हावं आणि किमान 80 टक्के पेशंटचे उपचार पूर्ण व्हावेत. फाइल बघताना हे दोन आकडे समोर ठेवा, कुठे अडतंय ते लगेच दिसतं.

मग एकच अडचण निवडा. एकच! उदाहरणार्थ बायोप्सी. बऱ्याचदा प्रॉब्लेम सर्जनच्या हातात नसतोच, तुकडा सलाइनमध्ये टाकून पाठवलेला असतो किंवा बाटलीत फॉर्मालिन (तुकडा खराब होऊ न देणारं द्रव) तो जेमतेम बुडेल इतकंच असतं, आणि मग पॅथॉलॉजिस्ट कितीही हुशार असला तरी त्या खराब झालेल्या पेशींतून काय वाचणार? 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, तुकड्याच्या किमान 10 पट, आणि ब्रेस्टचा तुकडा असेल तर काढल्यापासून तासाभरात त्यात गेला पाहिजे आणि 6 ते 72 तास राहिला पाहिजे, नाहीतर ईआर, पीआर, हर-टू (कुठलं औषध चालेल ते सांगणाऱ्या कॅन्सरच्या पेशींवरच्या तपासण्या) यांच्या रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही आणि पुढची सगळी ट्रीटमेंट त्याच रिपोर्टवर ठरते. म्हणजे ट्रेनिंगला सर्जनसोबत ओटीतली सिस्टर हवी, बाटली भरणारा माणूस हवा, सॅम्पल लॅबला नेणारा हवा. बाटलीच्या लेबलवर तुकडा काढल्याची आणि फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ लिहायची एवढी एक सवय लागली तरी मला ते दहा लेक्चर्सपेक्षा मोठं वाटतं.

केमोनंतरच्या तापाचंही तसंच. टेंपरेचर एकदा 38.3 सेल्सिअस आलं किंवा 38 वर तासभर टिकलं, आणि न्यूट्रोफिल्स (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) खूप कमी असण्याची शक्यता असली, तर ती इमर्जन्सी, अँटिबायोटिक तासाभरात गेलं पाहिजे, काउंटच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. हे ऑन्कॉलॉजिस्टला माहीतच असतं हो, पण रात्री पेशंट येतो तो कॅज्युअल्टीत. त्यामुळे ड्रिल तिथंच करा, शक्यतो नाइट ड्यूटीत. एकाने पेशंट व्हायचं, काउंटरवर सांगायचं की केमो झालीय आणि ताप आहे, आणि घड्याळ लावायचं. अँटिबायोटिकच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते हे असल्या वेळीच कळतं.

ऑनलाइन सेशन घ्यायचंच असेल तर इको मॉडेल बघा. डॉ. संजीव अरोरांनी 2003 मध्ये न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सीसाठी ते सुरू केलं. केस पार्टनरने मांडायची, सगळ्यांनी चर्चा करायची, लेक्चर छोटंसंच. माझा आग्रह असतो की आपल्या सीनियरने सगळ्यात शेवटी बोलावं, कारण ते आधी बोलले की बाकीचे गप्प. पेशंटचं नाव, नंबर, चेहरा स्क्रीनवर येऊ द्यायचा नाही. आणि त्यांच्याकडे जी मशीन नाही तिच्यावर अवलंबून असलेला सल्ला देऊन उपयोग नाही, आहे त्यात सुरक्षित काय करता येईल ते सांगा.

नर्सिंगचं ट्रेनिंग मात्र स्क्रीनवर भागत नाही. त्यांच्या सिस्टर्स आपल्या डे केअरमध्ये येऊन काम करू देत, मग आपली सिस्टर त्यांच्याकडे जाऊ दे. केमो शिरेबाहेर गेली तर पहिल्या मिनिटात काय करायचं, ड्रग दोघींनी कसं तपासायचं, हे शेजारी उभं राहूनच शिकलं जातं. विन्क्रिस्टिन हे केमोचं औषध सिरिंजमध्ये भरून ठेवायचं नाही, छोट्या बॅगेतूनच द्यायचं, कारण चुकून ते मणक्यात गेलं तर बहुतेक वेळा जीवच जातो. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा.

एमओयूमध्ये, म्हणजे दोन हॉस्पिटलांमधल्या लेखी करारात, गोड वाक्यं कमी आणि कामाची जास्त असू द्या: खर्च कुणाचा, ट्रेनिंगच्या वेळेत स्टाफला ड्यूटीतून सोडणार का, फोन कुणी उचलायचा. आणि पेशंट परत पाठवण्याचं कलम हवंच. छोट्या हॉस्पिटलला मनातून भीती असते की हे शिकवायला आलेत की पेशंट न्यायला, आणि ती भीती काही चूक नाही. मोठं ऑपरेशन किंवा रेडिएशन आपल्याकडे, बाकी केमो आणि फॉलोअप पेशंटच्या घराजवळ, आणि परत जाताना त्याच्या हातात पूर्ण लेटर: काय दिलं, किती दिलं, पुढे काय बघायचं, अडलं तर कुणाला फोन करायचा.

किती जण आले आणि किती सर्टिफिकेट्स वाटली यावर काम मोजू नका. खराब सॅम्पल किती, तापाच्या पेशंटला पहिलं अँटिबायोटिक किती मिनिटांत, अर्धवट सोडून गेलेले किती, हे सुरुवातीलाच मोजून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा, आकडे पार्टनरनेच काढायचे आणि त्यांनीच मांडायचे. प्रत्येक विषयाला तिथले निदान दोन जण शिकवणारे तयार करा, कारण एकाची बदली झाली की सगळं बंद पडतं, आणि नव्या स्टाफच्या पहिल्या आठवड्यात ते बाटलीचं लेबल आणि तापाचं ड्रिल त्यांच्याकडूनच होऊ दे.