विश्रांतीतील मेंदूच्या हालचाल-जाळ्यांमधील डावे-उजवेपण कसे मोजावे

हात-पाय न हलवता नुसत्या पडून राहिलेल्या माणसाच्या मेंदूतही हालचालींशी निगडित भाग शांत नसतात. भारत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवून दिले की अशा अवस्थेतही डाव्या आणि उजव्या मोटर कॉर्टेक्समधील (मेंदूच्या पृष्ठभागावरील, हालचाली घडवणाऱ्या भागातील) एफएमआरआय संकेत, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनच्या बदलांवरून मेंदूची क्रिया टिपणाऱ्या स्कॅनचे संकेत, 0.1 हर्ट्झहून मंद गतीने, एकमेकांच्या लयीत वर-खाली होत असतात. अशा एका लयीत चालणाऱ्या भागांच्या संचाला जाळे म्हणतात. ही लय डाव्या जाळ्यात अधिक घट्ट आहे की उजव्या, हे मोजायचे असेल तर एक गोष्ट आधी मान्य करावी लागते: हा फरक बहुधा लहान असतो, आणि यंत्रातून किंवा गणितातून शिरलेला खोटा फरक त्याला सहज झाकून टाकतो. त्यामुळे निम्मे कष्ट मोजणीच्या आधीच घ्यावे लागतात.

सर्वप्रथम प्रतिमेतील डावी बाजू खरोखर डावी आहे याची खात्री करावी. रेडिओलॉजीच्या रूढीत पडद्याच्या डावीकडे व्यक्तीची उजवी बाजू दिसते, तर संशोधनाची काही सॉफ्टवेअर नेमकी उलटी मांडणी करतात. फाइलचे स्वरूप बदलतानाही बाजू उलटू शकते. स्कॅनच्या वेळी उजव्या कानशिलावर ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवावी. प्रतिमेत ती ठळक ठिपक्यासारखी दिसते आणि पुढचा सारा वाद मिटतो.

दुसरा धोका प्रतिमेच्या विकृतीचा. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट या मेंदूतील जोडण्यांचा नकाशा काढणाऱ्या प्रकल्पाच्या तरुण प्रौढांच्या माहितीत प्रत्येकाचे विश्रांती-स्कॅन चार असून प्रत्येक स्कॅन 0.72 सेकंदाच्या अंतराने घेतलेल्या 1,200 प्रतिमांचे आहे. त्या चार स्कॅनपैकी निम्म्यांत फेज-एन्कोडिंगची दिशा (प्रतिमा ज्या दिशेने टिपली जाते आणि जिच्यात ती ताणली-आकसली जाते ती दिशा) डावीकडून उजवीकडे आणि निम्म्यांत उलट आहे. एकाच दिशेचे स्कॅन वापरल्यास विकृती दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही आणि तीच मेंदूची विषमता म्हणून मोजली जाते. म्हणून दोन्ही दिशांची स्कॅन नेहमी जोडीनेच घ्यावीत.

सहभागी डावखुरे आहेत की उजवे, हे नुसते विचारून भागत नाही. ओल्डफील्ड यांची 1971 मधील एडिनबरा प्रश्नावली भरून घ्यावी, म्हणजे उणे 100 ते अधिक 100 असा अंक मिळतो. डावखुऱ्यांच्या प्रतिमा आरशासारख्या उलटवून उजव्यांच्या गटात मिसळण्याची पद्धत मला पटत नाही, कारण जो प्रश्न विचारायचा तोच त्यामुळे पुसला जातो.

भागांची निवड हा सर्वांत नाजूक टप्पा आहे. बहुतेक मेंदूंत उजवी बाजू पुढे आणि डावी बाजू मागे किंचित सरकलेली असते. म्हणून डाव्या बिंदूच्या स्थानदर्शक अंकाचे (मध्यरेषेपासूनच्या अंतराचे) अधिक-उणे चिन्ह बदलले की उजवीकडचा तोच भाग मिळेल, असे मानू नये. सममित साचा, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला प्रमाण मेंदू-नकाशा, वापरावा आणि हाताचा भाग प्रत्येकाच्या मेंदूतील ओमेगाच्या आकाराच्या वळणावरून पडताळावा. लहान मेंदूचा संबंध उलट बाजूच्या कॉर्टेक्सशी असतो, त्यामुळे ‘डाव्या जाळ्यात’ डावा मोटर कॉर्टेक्स, डावा थॅलॅमस आणि डावा प्युटॅमेन (मेंदूच्या आत खोलवर असलेले दोन भाग) आणि उजवा लहान मेंदू हे घटक येतात. मध्यरेषेलगतच्या पूरक मोटर भागात (हालचालींशी निगडित आणखी एका भागात) प्रतिमा गुळगुळीत केल्यावर, म्हणजे शेजारच्या बिंदूंची सरासरी घेतल्यावर, दोन्ही बाजूंचे संकेत एकमेकांत मिसळतात. तो वेगळा हाताळावा किंवा सरळ वगळावा.

डोके हलल्याचे परिणाम काढून टाकल्यावर 0.01 ते 0.1 हर्ट्झचा पट्टा ठेवावा, प्रत्येक बाजूच्या जोड्यांचा सहसंबंध काढून त्याचे फिशर-रूपांतर (सहसंबंधांची सरासरी व वजाबाकी योग्य रीतीने करता यावी म्हणून वापरले जाणारे गणिती रूपांतर) करावे आणि डाव्यातून उजवा वजा करावा. डाव्या-उजव्यातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागणारा प्रचलित निर्देशांक येथे फसवा ठरतो, कारण सहसंबंध ऋणही असू शकतात आणि छेद शून्याजवळ गेला की उत्तर भलतेच फुगते. प्रत्येक व्यक्तीचा फरक तिच्या स्वतःच्याच दोन बाजूंमधला असल्यामुळे फरकांची चिन्हे यादृच्छिकपणे हजारो वेळा बदलून मिळालेल्या सरासऱ्यांशी गटाच्या फरकांची मूळ सरासरी ताडून पाहावी, आणि वेगळ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये तोच कल टिकतो का तेही तपासावे.

अखेरीस मूळ प्रतिमा आरशासारख्या उलटवून, साचा तोच सममित ठेवून, सारी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून चालवावी. प्रत्येक फरकाचे चिन्ह तेवढे बदलून आकडा जवळपास तोच यायला हवा. तो तसा आला नाही, तर उरलेली विषमता आपल्या प्रक्रियेतूनच शिरली आहे, आणि ती कोणत्या टप्प्यावर शिरली हे सापडेपर्यंत निष्कर्ष लिहायला घेऊ नये.