दरवेळी लोगो चिकटवत बसू नका, आपली एक कमांड बनवून घ्या

आमच्या तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कॉम्प्युटरचं काम मी पाहतो. काट्याच्या पावत्यांचं एक वेब ॲप, सभासद यादीचं दुसरं, सोयाबीनच्या भावाचं तिसरं, असं एकेक बनवत गेलो, आणि प्रत्येकात हिरवा रंग वेगळा पडला. अध्यक्ष म्हणाले, काहून बावा, ह्या तीन कंपन्या आहेत का? तेव्हापासून नवीन ॲप एका कमांडनं सुरू करून राहिलो, लोगो-रंग-नाव सगळं आधीच बसलेलं.

पहिले एक ॲप हातानं सजवून घ्या. टर्मिनलमध्ये एनपीएम क्रिएट वीट मारा. एनपीएम म्हणजे नोडसोबत (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) येणारं, पॅकेज उतरवायचं साधन, आणि वीट नव्या वेब ॲपचा सांगाडा बनवून देते. (ही वीट भट्टीतली नाही, फ्रेंचमध्ये वीट म्हणजे लवकर. आपल्याले मात्र तेच ते करून वीट येते.) त्यात ब्रँड डॉट जेसन नावाची एकच फाइल ठेवा आणि कंपनीचं नाव, पत्ता, फोन, लोगोची जागा, रंगांचे कोड तिच्यातच लिहा. सीएसएसमध्ये रंगाचा कोड कुठंच थेट टाकायचा नाही, सगळीकडं व्हेरिएबल, आणि त्यांच्या किमती ॲप सुरू होताना ह्या फाइलीतून भरायच्या. फॉन्ट इंटरनेटवरून ओढू नका, आमच्याकडं स्लॅबवर गेल्याशिवाय रेंज नाही, म्हणून मुक्ता फॉन्टची फाइल ह्या नमुना ॲपमध्येच टाकली. लाइन-हाइट 1.6 च्या आसपास ठेवा, नाही तं वरच्या मात्रा कापल्यासारख्या दिसतात. एचटीएमएलच्या लँगमध्ये एमआर, म्हणजे मराठीचा कोड, लिहायचं विसरू नका.

मंग कमांडचं पॅकेज. नवीन फोल्डर करा, पॅकेजचं नाव क्रिएट आणि हायफननं सुरू करा, पुढं कंपनीचं छोटं नाव. त्याच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये (पॅकेजची माहिती असलेली फाइल) बिन नावाच्या जागी आपल्या स्क्रिप्टचं नाव द्या, तिच्या पहिल्या ओळीत हॅश-उद्गारचिन्हवाली नोडची ओळ (#!/usr/bin/env node) पाहिजेच. सजवलेलं ॲप टेम्प्लेट नावाच्या फोल्डरात ठेवा, त्यातलं नोड मॉड्यूल्स, म्हणजे उतरवलेल्या पॅकेजांचं फोल्डर, काढून.

स्क्रिप्टचं काम गंज सोपं आहे. प्रोसेस डॉट आर्गव्हीमधून, म्हणजे कमांडसोबत लिहिलेले शब्द जिथं येतात त्या यादीतून, नव्या ॲपचं नाव घ्यायचं, पण शून्य आणि एक नंबरवर नोडचा आणि स्क्रिप्टचा पत्ता असतो, आपलं नाव दोन नंबरवर. त्या नावाचं फोल्डर आधीच असेल तं तिथंच थांबायचं, कारण मी एकदा चालू ॲपवरच कॉपी मारून बसलो होतो. नसेल तं एफएसच्या (नोडमधलं फाइलींचं मॉड्यूल) सीपी-सिंकनं, रिकर्सिव्ह ट्रू देऊन, टेम्प्लेट कॉपी करायचं. हे नोड 16.7 पासून आहे. शेवटी नवीन ॲपच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये नाव बदलायचं.

इथं दोन खड्डे आहेत. डॉट गिटइग्नोर फाइल (कोणत्या फाइली गिटमध्ये घ्यायच्या नाहीत त्याची यादी) पॅकेजसोबत नीट जात नाही, म्हणून टेम्प्लेटमध्ये तिचं नाव अंडरस्कोरनं सुरू करा आणि कॉपी झाल्यावर स्क्रिप्टनं डॉट लावा. आणि ॲपचं नाव मराठीत टाकलं की एनपीएम घेत नाही, तिथं छोट्या इंग्रजी अक्षरांतच पाहिजे, तेव्हा फोल्डरचं नाव वेगळं आणि पडद्यावर दिसणारं मराठी नाव वेगळं विचारा.

कमांडच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये प्रायव्हेट ट्रू टाकून ठेवा, म्हणजे चुकून पब्लिश मारून सगळ्यांसाठी नेटवर टाकायला गेलं तरी एनपीएम नाही म्हणते. एनपीएम लिंक करून आपल्याच मशीनवर ती कमांड जोडा, पॅकेजचं नाव आणि पुढं ॲपचं नाव मारून दोन-तीन ॲप बनवून पाहा, जमलं की एनपीएम पॅक. जी टीजीझेड फाइल निघते ती पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या ऑफिसात एनपीएम इन्स्टॉल हायफन जी करून तिचा पत्ता द्या, झालं. बाकीचे पॅकेज मात्र एकदा नेटवरून उतरवावेच लागतात, नंतर प्रिफर-ऑफलाइन लावलं की कॅशमधलं, म्हणजे मशीनवर आधीच साठवलेलं, वापरते.

नंतर लोगो बदलला तं जुने ॲप आपोआप बदलत नाहीत, ही कमांड फक्त सुरुवात करून देते. आमचा बदलला तेव्हा प्रत्येक ॲपमध्ये नवी ब्रँड डॉट जेसन आणि लोगोची फाइल टाकून बिल्ड मारली, लाइन जायच्या आत तिन्ही झाले.