तळ्यात मोठा बास हवाय? मग छोटे खायला शिका

इकडे अमेरिकेतल्या जॉर्जियात घरामागे एकरभर तळं असलं की स्वप्न एकच, आठ-दहा पाउंडाचा लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा शिकारी मासा. साहजिकच आहे म्हणा, जॉर्ज पेरीने १९३२ साली २२ पाउंड ४ औंसाचा काढला तो ह्याच राज्यात, माँटगोमेरी लेकमध्ये. पण चूकही सगळ्यांची एकच, आम्हीपण केलीये, पकडलेला प्रत्येक मासा जीव कळवळून परत सोडायचा. मग काही वर्षांनी बास जास्त आणि खाणं कमी, तळ्यात नुसते बारा इंची बास, डोकं मोठं आणि पोट खपाटीला.

हिशोब सोपाय, बासचं वजन १ पाउंड वाढायला साधारण १० पाउंड मासे त्याच्या पोटात जावे लागतात. म्हणून नवीन तळं असेल तर आधी फॉलमध्ये (पानगळीत) ब्लूगिल, म्हणजे बासचं खाणं असलेले छोटे मासे सोडा, एकरी ५०० ते १०००, त्यातच थोडे त्यांचेच भाऊबंद रेडइअर, आणि बासची पिल्लं पुढच्या जूनमध्ये, एकरी ५०, फार तर १००. तोवर ब्लूगिलची पहिली वीण झालेली असते. बास वर्षातून एकदाच अंडी घालतो, ब्लूगिल उन्हाळाभर घालत राहतात, सगळा खेळ त्यावर चालतो. क्रॅपी नावाचे मासे मात्र कोणी फुकट दिले तरी लहान तळ्यात नको!!

पाणी तपासून घ्या. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) २० पीपीएमच्या खाली असेल तर आधी शेतीचा चुना, एकरी टन-दोन टन तरी लागतो, नाहीतर छोट्या माशांचं खाणं वाढावं म्हणून वरून टाकलेलं खत म्हणजे अक्षरशः पैसे पाण्यात. खत पाणी ६० फॅरनहाइटच्या वर गेल्यावर थोडं थोडं टाकायचं, काठीला पांढरी थाळी लावून बुडवा, १८ ते २४ इंचांवर दिसेनाशी झाली की बरोबर. बारा इंचांतच गायब झाली तर खत बंद, कारण असं दाट हिरवं पाणी आणि त्यात दोन-तीन दिवस ढगाळ हवा, की पहाटे ऑक्सिजन संपतो आणि सकाळी मासे तरंगताना दिसतात, अगदी मोठे आधी.

आता मुख्य काम. बास जमले की तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून दरवर्षी एकरी २०-३० पाउंड बास काढायचेच, १४ इंचाच्या आतले, खत घातलेल्या तळ्याचा हा आकडा, बाकी तळ्यांत कमी. वहीत लांबी-वजन लिहा. १५ इंची मासा १.८ पाउंडाच्या आसपास भरला पाहिजे, बरेचसे हलके भरले तर अजून काढा. आणि रेकॉर्डवाले मासे बहुतेक माद्याच असतात, नर चार-पाच पाउंडाच्या पुढे क्वचितच जातो, त्यामुळे नर ओळखता आला तर तोच आधी तव्यावर.

काढलेल्यांचं काय? हळद, तिखट, आगळ लावून रव्यात घोळवा आणि तळा, मस्त लागतो. गावी शेततळ्यात सोडू का असं विचारू नका पण, हा परदेशी शिकारी मासा आहे, तिकडे आपला मरळ आहे की.