दुचाकीचा परवाना: प्रकार, शिकाऊ मुदत आणि चाचणी

दुचाकीचा परवाना काढायला निघालेल्या नवख्याला धास्ती असते ती चाचणीची. पण पुढे महागात पडणारी चूक बहुधा त्याआधीच, अर्जात वाहनाचा प्रकार निवडताना, होऊन गेलेली असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १० नुसार दुचाकीचे मुख्य प्रकार दोनच आहेत: बिनगिअरची मोटारसायकल आणि गिअरची मोटारसायकल. परवान्याच्या कार्डावर ते अनुक्रमे एमसीडब्ल्यूओजी आणि एमसीडब्ल्यूजी या आद्याक्षरांनी नोंदवले जातात. आजची बहुतेक स्कूटर पहिल्या प्रकारात मोडते. गिअर टाकावे लागणारी प्रत्येक दुचाकी, मग ती १०० सीसीची असो वा १००० सीसीची, दुसऱ्या प्रकारात येते.

युरोपीय संघात १२५ सीसी व ११ किलोवॅटपर्यंत ए-१, ३५ किलोवॅटपर्यंत ए-२ आणि त्यापुढे ए, अशा इंजिनाच्या ताकदीनुसार परवान्याच्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे तशी शिडी नाही, त्यामुळे कालच परवाना हाती आलेला अठरा वर्षांचा मुलगा आज कितीही ताकदीची मोटारसायकल कायदेशीरपणे चालवू शकतो. कायद्याने दिलेली ही मुभा म्हणजे कौशल्याचा दाखला नव्हे, हे ज्याचे त्याने ओळखावे.

प्रकार निवडताना एक तरतूद लक्षात ठेवावी. कलम ९ नुसार गिअरच्या मोटारसायकलची चाचणी उत्तीर्ण झालेली व्यक्ती बिनगिअरच्या मोटारसायकलचीही चाचणी उत्तीर्ण झाली असे मानले जाते. याच्या उलट मात्र होत नाही. चाचणी ज्या प्रकारासाठी अर्ज केला आहे त्याच प्रकारच्या वाहनावर द्यावी लागते, म्हणून घरात केवळ स्कूटर आहे एवढ्या कारणाने बिनगिअरचा परवाना काढणाऱ्याला पुढे मोटारसायकल घेतली की नव्या प्रकाराची भर घालण्यासाठी पुन्हा शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करावी लागते. क्लच आणि गिअर शिकण्याची थोडी तरी तयारी असेल, तर आरंभीच गिअरचा प्रकार निवडावा, असे माझे मत आहे. केवळ चारचाकीचा परवाना असलेल्यालाही दुचाकी चालवता येत नाही, मग ती स्कूटर का असेना.

वयाच्या अटीबाबत मोठा गैरसमज आहे. साधारण अट १८ वर्षांची आहे. १६ व्या वर्षी, पालकांच्या संमतीने, मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या वाहनाचा परवाना. रस्त्यावर सर्वत्र दिसणारी ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

शिकाऊ परवान्यासाठी ‘सारथी’ या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. वाहतुकीची चिन्हे, रस्त्याचे नियम, अपघात घडल्यास चालकाची कर्तव्ये, रखवालदार नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी आणि जवळ बाळगायची कागदपत्रे यांवर प्रश्न विचारले जातात. किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. हा परवाना सहा महिने चालतो. या काळात वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ लावणे बंधनकारक आहे. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच असावे. मागच्या आसनावर वैध परवाना असलेल्या शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही बसवता येत नाही. मित्राला मागे घेऊन ‘सराव’ करणे हा नियमभंगच आहे.

पक्क्या परवान्याची चाचणी शिकाऊ परवाना मिळाल्यापासून ३० दिवस उलटल्यावर देता येते. अनुत्तीर्ण झाल्यास ७ दिवसांनी पुन्हा संधी मिळते, पण तीन प्रयत्न फसले तर पुढच्या प्रयत्नासाठी ६० दिवस थांबावे लागते. त्यामुळे सहावा महिना उजाडेपर्यंत चाचणी लांबणीवर टाकू नये.

चाचणीत अनेक ठिकाणी जमिनीवर आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावरून गाडी न्यावी लागते, आणि भरधाव गाडी सहज हाकणारेही तिथे पाय टेकतात. कारण उघड आहे: वेगात गाडी आपला तोल बऱ्याच अंशी स्वतःच सांभाळते, संथ गतीत तो चालकाला सांभाळावा लागतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट दाबून ठेवावा, ॲक्सिलरेटर हलका पण स्थिर असावा आणि गती कमी करायची ती मागच्या ब्रेकने. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आतल्या बाजूला कलते, आणि पाय आपोआप खाली येतो. नजर पुढच्या चाकावर खिळवू नये. वळणात शिरतानाच मान वळवून ते जिथे संपते तिकडे पाहावे. मोकळ्या मैदानात विटांचे तुकडे मांडून आकडा आधी ऐसपैस आखावा आणि जमेल तसतसा लहान करत न्यावा.

आकडा पार पडला की अनेकांची एकाग्रता सैल पडते. परीक्षक मात्र गाडी सुरू करण्यापूर्वी आरसा नीट केला का, वळण्याआधी इशारा दिला का, मागून येणाऱ्या वाहनाकडे पाहिले का, हेही पाहत असतो. हाताचे इशारेही पाठ असावेत. हेल्मेट भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेले घ्यावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला असावा.

कार्ड हाती पडल्यावर नाव, जन्मतारीख आणि वाहनाचा प्रकार तिथल्या तिथे तपासावा. तिशीच्या आत काढलेला परवाना वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत चालतो, आणि त्याची डिजिलॉकरमधील प्रत तपासणीत मूळ कार्डाइतकीच ग्राह्य धरली जाते.